मदत हवी आहे: २२ नंबरच्या गळात दीड मिमीचा मणी ओवायचा कसा?

मंडळी, मी डेन्व्हरला राहतो. शेजाऱ्याच्या नादाने साउथ प्लॅट नदीवर ट्राउट मासे पकडायला जाऊ लागलो आणि यंदा फ्लाय (गळावर दोरा-तार गुंडाळून केलेला नकली किडा) घरीच बांधायचं खूळ डोक्यात शिरलं. मोठ्या फ्लाय जमतात. पण थंडीत इथला ट्राउट खातो ते चिलटाएवढे मिज नावाचे किडे, म्हणजे गळ २२ नंबरचा. (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो.)

सध्या झेब्रा मिज नावाची फ्लाय बांधतोय. काळा दोरा, त्यावर चंदेरी तारेचे चार-पाच वेढे, पुढे टंगस्टनचा मणी. बस. पण हा मणी राईएवढा! बोटांच्या चिमटीत दिसत नाही, चिमट्याने धरला की टुणकन उडतो. काल दहा गळांपायी सोळा मणी घालवले. गळ निदान लोहचुंबक फिरवून सापडतात, माझे मणी त्यालाही दाद देत नाहीत. त्यात भोक एका बाजूला बारीक, दुसरीकडे रुंद. बारीक बाजू नेढ्याकडे यायला हवी, आणि माझा मणी हमखास उलटा. बायकोने त्या खोलीत अनवाणी जाणं सोडलंय.

चिमटा बदलू, की चाळिशी लागली हे मान्य करू?

प्रतिसाद १
चाळिशी घ्याच, पण चिमटा ठेवून द्या. मणी उचलायचाच नाही. आई काळी पोत ओवायची तेव्हा मण्याला बोट लावायची नाही; वाटीत मणी घेऊन सुईचं ओलं टोक त्यात फिरवायची, चार-चार एकदम चढायचे. तुम्ही गळ बाकाशी धरा आणि टोक वाटीत टेकवा. टोक बारीक भोकातून शिरलं असेल तर पुढे सरकवा, नाहीतर झटकून परत.

प्रतिसाद २
टोकाजवळचा उलटा काटा आधी दाबून घेता ना? नाहीतर मणी तिथेच अडणार. सपाट तोंडाची पक्कड, हलका हात. जोर लावलात तर टोकच मोडेल. आणि काम परातीत करा, तळाला ओला पंचा. मणी उसळत नाही.

धागाकर्ता
काटा दाबतच नव्हतो! आज दहापैकी आठ नीट बसले, एकाचं टोक मोडलं, एक कुठे गेला देव जाणे. परात कणकेची होती, त्यावरून वेगळं ऐकून घेतलं. आता पुढचं: शेवटची गाठ मारायला मण्यामागे जागाच उरत नाही. तार फार पुढे आणतोय का मी?