सव्वातीन वर्षांचा मुलगा रात्री गादी ओली करतो. डायपर परत लावू का?

आम्ही नागपुरात, मानेवाड्याकडे राहतो. मुलाचं दिवसाचं डायपर दिवाळीनंतर सुटलं. आता "आई, शू" म्हणतो आणि चड्डी स्वतःच खाली करतो. रात्रीचं मात्र जमून नाही राहिलं. मे महिन्यात जांघेत लाल चट्टे आले म्हणून रात्रीचंही डायपर काढलं. तेव्हा गादी गच्चीवर टाकली की दुपारपर्यंत कडक व्हायची. आता पाऊस लागलाय. गादी तीन दिवसांपासून पंख्याखाली उभी आहे, खोलीभर वास.

रात्री एकचा अलार्म लावून त्याला उचलते. तो माझ्या खांद्यावर झोपलेलाच. बाथरूममध्ये उभा करते, नळ बारीक सोडते, "श्शूऽ श्शूऽ" करत दहा मिनिटं घालवते. काही नाही. परत आणून टाकला की पांघरूण ओढेपर्यंत गादी ओली!

सासूबाई म्हणतात, सहानंतर पाणी बंद कर. शेजारच्या काकू म्हणाल्या, एकदा चांगलं रागव, लाज वाटली की थांबतो. रागावले. दुसऱ्या दिवशी ओली चड्डी पलंगाखाली कोंबलेली सापडली. आता सकाळी उठून मला हाकही मारत नाही. याचंच जास्त वाईट वाटतंय.

पाणी तोडू का? डॉक्टरकडे न्यायला हवं का?

प्रतिसाद १

ताई, काऊन एवढं टेन्शन घेता? दिवसाचं शिकवता येतं, रात्रीचं शिकवून येत नाही. झोपेत लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून एक हार्मोन सुटतं, ते कोणात लवकर जमतं, कोणात उशिरा. पाच वर्षांपर्यंत डॉक्टर याला आजार धरत नाहीत. पाचव्या वर्षीसुद्धा शंभरात साधारण पंधरा मुलं ओली करतात. आईबाबांपैकी कोणी लहानपणी करत असेल तर शक्यता वाढते, सासूबाईंना विचारून बघा.

डायपर खुशाल लावा, त्याने मूल मागे जात नाही. सकाळी सलग आठवडाभर कोरं निघालं की काढा. झोपेत उचलण्याने गादी एखाद्या रात्री वाचेल, पण मूल झोपलेलंच असतं, ते काय शिकणार? आणि आपल्या नागपुरात पाणी तोडायचं नाही बाप्पा! दिवसभर भरपूर द्या म्हणजे रात्री ढसाढसा पिणार नाही. चहा देत असाल तर तो बंद करा.

सहा महिने कोरा राहून परत सुरू झालं, लघवीला जळजळ झाली किंवा तहान फारच वाढली, तर मात्र लगेच दाखवा.

प्रतिसाद २

गादीवर मेणकापड, त्यावर चादर, त्यावर परत मेणकापड आणि चादर. रात्री वरची जोडी ओढून काढायची, खाली कोरडं तयार. दिवा लावायचीही गरज नाही.

शी रोज होते का? पोट साफ नसलं तर मूत्राशयावर दाब येतो.

मूळ प्रश्नकर्ती

सासूबाईंना विचारलं. आधी "छे" म्हणाल्या, मग हसत सांगितलं, ह्यांचं दुसरीपर्यंत चालू होतं. नवरा पेपरमागे लपला. चारच्या चहात बिस्किट बुडवून तो आजीकडूनच खातो, म्हणजे ते बंद करायचं काम माझ्याचकडे!

आणि शी तीन दिवसांतून एकदा, तीही खड्यासारखी. हे लिहिलंच नव्हतं मी, शूशी त्याचा संबंध असेल असं वाटलंच नाही. शनिवारी डॉक्टरांना तेवढं दाखवून येते. मेणकापड इतवारीत मीटरवर मिळेल ना?