हार्ड डिस्क कालबाह्य झाली म्हणणाऱ्यांसाठी

जुळारी:
काल इथल्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं, "आजच्या काळात एक्स्टर्नल हार्ड डिस्क विकत घेणारा एकतर म्हातारा नाहीतर अडाणी. सगळं क्लाउडवर टाका आणि विसरून जा." तिथे दोन ओळींत उत्तर देऊन समाधान होईना, म्हणून हा वेगळा धागा.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छपाईला तयार करायचं दुकान आहे, १९९४ पासून. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, जत्रेच्या स्मरणिका, दोन दिवाळी अंक. सगळं मिळून सव्वा टीबी. आमच्याकडे अपलोडला ५ एमबीपीएस मिळतो, तोही पाऊस नसेल तर. हिशोब करा. सव्वा टीबी वर चढवायला रात्रंदिवस न थांबता २३ दिवस. तेच काम यूएसबी ३ च्या साध्या डिस्कवर एका दुपारचं. पार्टी दारात उभी राहून "गेल्या वर्षीचा अहवाल काढा, आकडे बदलायचेत" म्हणते तेव्हा ती फाइल मला त्या मिनिटाला हवी असते.

आणि ते "विसरून जा". माझ्या भाच्याने लॅपटॉपवर जागा करायला एक फोल्डर उडवला. फोल्डर क्लाउडशी जोडलेला, त्यामुळे तिथूनही उडाला. कचरापेटीत ३० दिवस राहतो, आमच्या लक्षात आलं चाळिसाव्या दिवशी. कपाटातल्या हार्ड डिस्कवर होता म्हणून एका पतसंस्थेचं सात वर्षांचं काम वाचलं. अडाणी कोण ते ठरवा.

हिंजवडीकर:
ती पोस्ट माझी. "अडाणी" मागे घेतो, बाकीचं नाही.

बहिणीचं लग्न २०१८ मध्ये झालं. फोटो, व्हिडिओ, आजीने गायलेल्या मंगलाष्टका, सगळं एका पोर्टेबल डिस्कवर. टीपॉयवर लॅपटॉप, बाजूला डिस्क, निळा दिवा लुकलुकतोय. मुलाचा पाय केबलमध्ये अडकला आणि डिस्क फरशीवर पडली. दोन फूटसुद्धा उंची नव्हती. उचलून लावली तर आतून आवाज, टक्, टक्, टक्. डेटा काढणाऱ्यांनी ४२ हजार सांगितले, खात्री काही नाही. आजी त्याच वर्षी गेली. तिचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठेच नाही.

म्हणून मी चिडून लिहितो. ज्या वस्तूत काचेसारखी तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते, तिच्यावर माणसाने आयुष्य ठेवू नये.

जुळारी:
आजींचं वाचून वाईट वाटलं. पण तुमची दुसरी प्रत नव्हती हा दोष डिस्कचा कसा? आणि क्लाउडची जागा म्हणजे भाड्याची खोली. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली, तेव्हा किती जणांची धावपळ झाली आठवा. आज भाडं भरता, उद्या नाही भरलं तर?

सोल्डरगन:
नाशिकला दुरुस्तीचं दुकान आहे. दोघांचंही ऐकून घेतलं, आता माझं ऐका.

टेबलावर बंद पडलेली डिस्क ठेवणारं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, "यात बॅकअप होता." मी विचारतो, मूळ कुठाय? "मूळ यातच. कॉम्प्युटर भरला म्हणून यात हलवलं." अहो, मग तो बॅकअप नव्हे, सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलंत. बॅकअप म्हणजे तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. हे फोटोग्राफर लोक कधीपासून सांगतायत.

घेताना एक मोठी घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या, शक्यतो वेगळ्या कंपन्यांच्या. आणल्या आणल्या एकदा काठोकाठ भरून बघा. खराब निघायची असेल तर पुष्कळदा तिथेच कळतं आणि बदलून मिळते. छोट्या पोर्टेबल डिस्कपैकी बऱ्याच एसएमआर असतात, म्हणजे पट्टे एकमेकांवर कौलांसारखे चढलेले. भरपूर लिहायला घेतलं की मध्येच वेग पडतो. घाबरून केबल ओढू नका, तिला तिचं काम करू द्या. काही मॉडेलमध्ये यूएसबीचा सॉकेट थेट बोर्डावरच असतो, आत साटा, म्हणजे डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडायचा नेहमीचा सॉकेट, नसतोच. सॉकेट सैल झाला की डबी फोडून दुसरीकडे जोडता येत नाही. रुंद चपट्या पिनेची ती केबल दर वेळी हिसकू नका, एवढं पाळलंत तरी माझं निम्मं काम कमी होईल.

आणि कुणीही, कुणीही डिस्कचं झाकण उघडू नका. मोबाइल दुकानातल्या पोराने "बघू आत काय झालंय" म्हणून उघडलेल्या डिस्क माझ्याकडे येतात. तबकडीवर बोटाचा ठसा असतो. त्यानंतर मी काय करू?

वाशिष्ठीकाठ:
चिपळूण. २२ जुलै २०२१.

कॉम्प्युटर टेबलावर, हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून. पाणी माळ्यापर्यंत आलं. तीन दिवसांनी खण उघडला तर आत नुसता गाळ, पिशवीतही. वडिलांच्या दुकानाची सगळी खाती, आमचे लहानपणीचे स्कॅन केलेले फोटो, दोन्ही प्रती एकाच पाण्यात गेल्या. राहिलं ते फक्त फोनमधलं, कारण ते आपोआप क्लाउडवर चढत होतं.

जुळारीदादा, २३ दिवस लागतात म्हणता. आम्हाला कुणी २३ महिने सांगितले असते तरी चालले असते.

सोल्डरगन:
ताई, डिस्क नंतर वाळवलीत का?

वाशिष्ठीकाठ:
हो. चार दिवस उन्हात ठेवली, मग लावून पाहिली.

सोल्डरगन:
तेच नको होतं. गाळ आत सुकून चिकटतो आणि चालू केलं की तबकडी खरवडते. बुडालेली डिस्क ओलीच, बंद पिशवीत घालून लॅबला द्यायची. तुम्हाला बोल लावत नाही, कुणी सांगितलंच नसणार. पूररेषेतल्या लोकांना तरी हे माहीत हवं म्हणून लिहितोय.

ळक्षज्ञ:
डिस्क टिकली, क्लाउड टिकला, पण फाइल उघडते का? कुणी विचारतच नाही. जुळारी, तुमच्या १९९८ च्या फाइली आज उघडतात?

माझ्या वडिलांनी २००१ मध्ये आठवणी लिहून एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. सीडीवरून डिस्कवर, डिस्कवरून क्लाउडवर, तीन प्रती आहेत. उघडलं की पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. तो फॉन्ट आता कुणाकडे नाही. तुम्ही लोकांनी हजारो पानं अशी कुलूपबंद करून ठेवलीत. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखीच वाचली जाणारी अक्षरांची पद्धत, तिच्यात १९९१ पासून देवनागरी आहे!

जुळारी:
"तुम्ही लोकांनी" म्हणजे? आम्हाला हौस होती का? छपाईला बसवणार कशात? पानं जुळवायचं आमचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर, त्यात युनिकोड मराठी चालतच नव्हतं. त्यानंतर आलेल्या इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं धड यायला २०१२ ची सीएस६ आवृत्ती उजाडावी लागली. त्याआधी काम थांबवायचं होतं की काय? पतसंस्थेची सभा युनिकोडसाठी थांबत नाही.

ळक्षज्ञ:
मग २०१२ नंतर काय अडचण होती? आजही दुकानादुकानांतून जुन्याच फॉन्टमध्ये काम चालतं, कारण हाताला सवय. गिऱ्हाइकाला वाटतं आपलं पुस्तक सुरक्षित आहे. ही फसवणूक आहे.

जुळारी:
फसवणूक शब्द जपून वापरा. तीस वर्षांत एका गिऱ्हाइकाची फाइल हरवलेली नाही माझ्याकडे.

ळक्षज्ञ:
हरवली नाही, फक्त वाचता येत नाही. माझे वडील आता ८१ वर्षांचे आहेत. पुन्हा सांगायला बसवलं तर अर्धं आठवत नाही.

हिंजवडीकर:
धागा फॉन्टवर गेला, पण ळक्षज्ञ यांचा मुद्दा बरोबर आहे. सीएस६ नंतरचं इनडिझाइन पेजमेकरची फाइल उघडतच नाही. म्हणजे जुळारींचा सव्वा टीबी किती दिवस उघडणार?

मुख्याध्यापक_निवृत्त:
एक राहिलं. आमच्या शाळेत डिस्क चोवीस तास कॉम्प्युटरला लावलेली असायची, म्हणे आपोआप बॅकअप. एके सकाळी सगळ्या फाइलींची नावं बदललेली, पडद्यावर खंडणीची मागणी. डिस्कवरच्याही फाइली कुलूपबंद. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या बातम्या वाचूनही आम्ही शिकलो नव्हतो. काम झालं की केबल काढा.

जुळारी:
दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण मोजत होतो. २००५ च्या आधीच्या सहाशेच्या वर पेजमेकर फाइली निघाल्या. फॉन्ट आत घालून पीडीएफ करायला घेतल्यात, दिवसाला वीसेक होतात. पीडीएफमध्ये शब्द शोधता येणार नाही, पण पान वाचता तरी येईल.

वाशिष्ठीकाठ ताईंचं वाचून दुसरी डिस्क मागवली. ती बहिणीकडे वाईला राहील, दर महिन्याला अदलाबदल. चालू वर्षाचं काम रात्री क्लाउडवर चढवतोय, तेवढं ५ एमबीपीएसमध्ये बसतं. हिंजवडीकर, इतकं मान्य. "विसरून जा" अजूनही मान्य नाही.

ळक्षज्ञ, तुमच्या शब्दाचा राग अजून आहे. पण माझ्याकडे विंडोज एक्सपीचं जुनं मशीन आहे. त्यातल्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ज्याच्याशिवाय ते चालू होत नाही ती किल्लीसारखी डबी) प्रिंटर पोर्टलाच लागतं, म्हणून ते मोडीत काढलं नाही. त्या काळातले चार प्रकारचे फॉन्ट त्यात आहेत. वडिलांची फाइल पाठवा. कोणता फॉन्ट आहे ते पाहिल्याशिवाय कळणार नाही, तेव्हा शब्द देत नाही.

ळक्षज्ञ:
व्यनि (खासगी निरोप) केलाय. एकूण अकरा फाइली आहेत, तिसरी सगळ्यात आधी बघाल का? तिच्यात आईबद्दल आहे.