काळ्या-पांढऱ्या वारीत फक्त पताका भगवी: कला की आळस?

निगेटिव्हकाका: परवा एकानं दिवेघाटातला वारीचा फोटो टाकला, सगळं ब्लॅक अँड व्हाइट आणि पताका तेवढ्या भगव्या, खाली ओळ काय तर "रंग ठेवला म्हणून भक्ती दिसते". तेव्हापासून डोकं फिरलंय. अरे, एवढा जनसागर माउलींच्या पालखीबरोबर घाट चढतोय, त्यात भक्ती दिसायला तुला मार्कर लागतो? ब्लॅक अँड व्हाइट म्हणजे उजेड, सावली, पोत. रंग काढायचा तर नीट काढ, नाहीतर राहू दे सगळा. हे म्हणजे उपास आहे म्हणून मटणाचा फक्त रस्सा घेतला.

लेन्सकॅप: काका, दर आषाढात हा कार्यक्रम असतो तुमचा. स्पीलबर्गनं १९९३ मधे 'शिंडलर्स लिस्ट' या ब्लॅक अँड व्हाइट पिक्चरमधे एका पोरीचा कोट तेवढा लाल ठेवला तो पण आळसच का?

निगेटिव्हकाका: तीन तासांच्या पिक्चरमधे एक कोट, आणि तोच पुढे परत दिसतो तेव्हा पोटात गोळा येतो. तुझ्याकडे लाल गुलाब, लाल छत्री, लाल बुलेट, परत लाल गुलाब.

चहाबाज: वारीचा फोटो जरा झूम करून बघा राव. नारंगी सोडून बाकी सगळ्या रंगांचं सॅच्युरेशन, म्हणजे भडकपणा, उणे १०० केलंय, पण माणसाची कातडी पण नारंगीतच मोडते ना, त्यामुळे अर्ध्या दिंडीला कावीळ झालीय. ब्रशनं एकेक पताका मास्क करत, म्हणजे वेगळी निवडत, कोण बसणार!

हिरवाचुडा: मास्कचं नावच काढू नका. माझ्या लग्नाच्या अल्बमात फोटोग्राफरनं न विचारता पंचवीस पानं ब्लॅक अँड व्हाइट केली, रंगीत काय तर चुडा. आणि मागे उभ्या असलेल्या आत्याचं ब्लाउज!! तेरा वर्षं झाली, अल्बम बघणारा प्रत्येक जण आधी विचारतो ह्या कोण. मूळ फाइली मागितल्या तर म्हणे डिलीट झाल्या.

लेन्सकॅप: मूळ फाइली हा वेगळा विषय आहे, त्याचा वेगळा धागा काढा.

हिरवाचुडा: तुमच्यासाठी असेल वेगळा. पैसे आमच्या बाबांनी मोजले होते.

दूरदेशी: एक विचारू का? माझ्या आजीचा १९५८ चा स्टुडिओतला फोटो आहे, काळा-पांढराच, पण गाल गुलाबी, कुंकू लाल, लुगड्याचा काठ हिरवा, सगळं हातानं रंगवलेलं. काकांच्या हिशेबी हे पण पाप?

निगेटिव्हकाका: ते वेगळं. रंगीत फिल्म परवडायची नाही तेव्हा. मॅट कागदावर कापसाच्या बोळ्यानं पातळ ऑइल कलर चढवायचे, एका फोटोला अख्खी दुपार जायची.

लेन्सकॅप: म्हणजे बोळ्यानं केलं की कला, माउसनं केलं की आळस. वा!

निगेटिव्हकाका: वडिलांच्या दुकानात ते बघत मोठा झालोय मी. तू मला शिकवू नकोस.

दूरदेशी: भांडू नका हो. गंमत म्हणजे काठ मुळात जांभळा होता. आजी शेवटपर्यंत म्हणायची, मेल्यानं माझं लुगडं बदललं. रंगवणाऱ्यानं विचारलंच नव्हतं.

हिरवाचुडा: बघा! न विचारण्याची परंपरा जुनीच आहे.

चहाबाज: आणि काका, ब्लॅक अँड व्हाइट काढताना लेन्सला लाल फिल्टर लावला की निळं आभाळ काळंभोर आणि कपाळावरचं कुंकू गायब, हे तुम्हीच सांगितलं होतंत ना? ती लबाडी चालते वाटतं?

निगेटिव्हकाका: कुंकवाचं खरंय. एकदा तसा फोटो दिला तर गिऱ्हाइकाच्या सासूनं दुकानात येऊन तमाशा केला होता, शेवटी वडिलांनी ब्रशनं टिकली काढून दिली. बरं, आजीचं कुंकू मान्य. दिवेघाट नाही म्हणजे नाही.

लेन्सकॅप: उपकार झाले महाराज. हिरवाचुडा, तुम्ही ते पान स्कॅन करून पाठवा, आत्याला ब्लॅक अँड व्हाइट करून देतो, फुकट.

हिरवाचुडा: आत्या राहू दे, तिची आता सवय झालीय. माझा शालू रंगीत होतो का बघा.