घरी तेलुगू बोलणाऱ्या पेशंटसाठी उच्चार-चाचणी तयार करतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात स्पीच थेरपिस्ट आहे. शहराच्या पूर्व भागातून येणारे माझे बरेच पेशंट घरी तेलुगूच बोलतात.

मागच्या पावसाळ्यात एक आजोबा आले. आयुष्यभर माग चालवलेला माणूस, लकव्यानंतर जीभ जड झालेली. मराठी शब्दयादीतले त्यांनी म्हटलेले ५० पैकी ३४ शब्द ऐकून कळले, म्हणून मी फाइलमध्ये 'चांगली सुधारणा' लिहिलं. त्यावर सून म्हणाली, "मॅडम, तुमच्याशी ते मराठीत सावकाश बोलतात. घरात काय मागतात ते आम्हालाच कळेना." पाणी, औषध, भूक सगळं ते तेलुगूत सांगतात आणि मी मोजत बसले होते मराठी! फार वाईट वाटलं.

तेव्हापासून तेलुगू यादी करायला घेतली आहे. पेशंटचं बोलणं ऐकणाऱ्याला किती कळतं हे मोजणारी, केंट आणि सहकाऱ्यांची १९८९ची इंग्रजी चाचणी डोळ्यांसमोर आहे : ७० शब्द, प्रत्येकाला एखाद्याच ध्वनीने वेगळे असलेले पर्याय, ऐकणाऱ्याने त्यांतला एक निवडायचा. तिचं भाषांतर करून भागत नाही. तिथले शब्द एका अक्षराचे, बरेचसे व्यंजनावर संपणारे. तेलुगू शब्द सहसा स्वरावर संपतो. म्हणून दोन अक्षरी जोड्या शोधल्या. कोति (माकड) - कोटि (कोटी), गुडि (देऊळ) - गुड्डि (आंधळा), अशा.

गाडी अडलीय ती ऐकणाऱ्यांपाशी. मी स्वतः गुण देऊ शकत नाही, यादी मला पाठ आहे. तेलुगू बोलणारी बाहेरची माणसं हवीत, पण त्यांनी लिहायचं कुठल्या लिपीत? इथले कित्येक जण मराठी शाळेत शिकलेले, तेलुगू लिपी येत नाही. देवनागरीत लिहा म्हटलं तर 'नेल'पाशी घोळ होतो. 'ने' ऱ्हस्व असेल तर महिना, दीर्घ असेल तर जमीन. कॉलेजच्या एका मुलीने दोन्ही शब्द 'नेल' असेच लिहिले. मी म्हटलं, वाचून दाखव. तिने पहिला झटक्यात म्हटला, दुसरा लांबवला. अगदी बरोबर! म्हणजे कानाला कळलं होतं, कागदावर उतरलं नाही. चित्रं वापरावीत तर माकड काढता येतं, महिना कसा काढू?

दुसरं म्हणजे, इथली काही धडधाकट माणसंही 'ण'ला 'न' म्हणतात. मग त्या जोड्या ठेवायच्या की काढायच्या? कुणी अशी चाचणी केली असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद :

ताई, मी म्हैसूरला शिकले आणि कन्नड पेशंटबरोबर हेच काम केलंय. ऐकणाऱ्यांना लिहायला लावूच नका. तुमच्याकडचे लोक द्विभाषिक आहेत, त्याचा फायदा घ्या. उत्तरपत्रिकेत पर्याय म्हणून मराठी अर्थ छापा : महिना, जमीन. ऐकून खूण करायची, बस्स. लिपीचा प्रश्नच उरत नाही.

'ण'-'न'साठी आधी आजोबांच्याच वयाच्या, त्याच वस्तीतल्या निरोगी माणसांकडून यादी म्हणवून घ्या. त्यांचीही जी जोडी ऐकणाऱ्यांना ओळखता येणार नाही ती काढून टाका, नाहीतर बोलीलाच आजार ठरवाल. कन्नड यादी उचलून तेलुगूला लावू नका. आमच्याकडे कालु म्हणजे पाय आणि काळु म्हणजे धान्याचा दाणा, तिथे 'ल'-'ळ' हवाच. तुमच्याकडे तो टिकतो का, हे सोलापुरातच तपासावं लागेल.

एकाच माणसाला तीच यादी पुन्हा ऐकवू नका, दुसऱ्यांदा तो अंदाजाने ओळखतो. आणि सुनेची तक्रार सुट्या शब्दांची नव्हतीच. आजोबांचं घरातलं दोन-तीन मिनिटांचं बोलणं, घरच्यांना विचारून, रेकॉर्ड करा आणि ते शेजारच्या गल्लीतल्या कुणाला तरी ऐकवा.

मूळ धागाकर्ती :

मराठी अर्थ छापायचं सुचलंच नव्हतं! मनापासून आभार. 'नेल'ची जोडी त्याच मुलीला या पद्धतीने ऐकवते आणि इथेच कळवते. रेकॉर्डिंगसाठी सुनेला आजच फोन करते.