शर्यतीची बोट लांबच्या सफरीसाठी: कामाला सुरुवात कुठून करू?

भरतीओहोटी:
नमस्कार मंडळी. १९८२ सालची १० मीटरची शर्यतीची बोट घेतली आहे. आयओआर नियमांच्या (शर्यतीच्या बोटींच्या मापांचे जुने नियम) काळातली, मागे निमुळती, खोल कील (तळाखालचा जड पंखा), उंच डोलकाठी. आत नुसता सांगाडा: चार पाइपच्या खाटा, एक बर्नर, ४० लिटर पाणी. आम्ही दोघं नवराबायको दोन वर्षांनी महासागर ओलांडायचं म्हणतोय. आत लाकडी कपाटं, फ्रिज आणि ४०० लिटरच्या टाक्या बसवायच्या आणि डोलकाठी दीड मीटर कापून शिडं लहान करायची, असं मनात आहे. आधी काय हाती घेऊ?

जुनाखलाशी:
डोलकाठीला हात लावू नका. उंचावरच्या त्या वजनामुळेच लाटेचा तडाखा बसला तरी बोट झटकन उलटत नाही. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळानं १५ खलाशी नेले. त्यानंतर झालेल्या चाचण्यांत दिसलं की डोलकाठी मोडून पडलेली बोट लाटेनं जास्त सहज उलटते. शीड कमी करायला दुसरे मार्ग आहेत. मेनसेलला (मुख्य शिडाला) तिसरा रीफ (शीड आखडून लहान करायची सोय) घ्या, तोही चांगला खोल. जिबला (पुढच्या शिडाला) फर्लर, म्हणजे ते गुंडाळायचं यंत्र, लावा. नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) थोडं मागे काढता-घालता येणारा आतला स्टे (डोलकाठीला धरणारी तार) बसवा, वादळातलं छोटं शीड त्यावर चढतं.

पहिला पैसा कील आणि डेकवर जाऊ द्या, कपाटांवर नंतर. माझीही याच काळातली बोट. घेतली तेव्हा कील आणि हलच्या (बोटीच्या धडाच्या) सांध्यावर केसाएवढी रेघ होती, तिच्यातून गंजाचा तांबूस ओघळ आलेला. रंगाची भेग असेल म्हणून मी एक मोसम तसाच काढला, ही माझी मोठी चूक. बोट बाहेर काढून कील उतरवली तर दोन बोल्ट मध्यावर निम्मे खाल्लेले! वरून नट अगदी चकचकीत होते. तुमची बोट कधी खडकाला लागली होती का, हे आधीच्या मालकाला विचाराच, आणि कीलच्या वरच्या आतल्या आडव्या पट्ट्या हलपासून सुटल्यात का ते तपासा. २०१४ मध्ये ‘चीकी रफिकी’ची कील भर अटलांटिकमध्ये निखळली आणि चौघे गेले.

डेकच्या पोटात बाल्सा (हलकं लाकूड) असणार. विंचखालचा (दोर ताणायच्या चरख्याखालचा) एक स्क्रू काढून भोकात तार घाला. माझ्या तारेला चहाच्या चोथ्यासारखा ओला भुगा लागून आला होता. तो भाग कोरून, वाळवून एपॉक्सीनं भरावा लागतो. नवं काहीही बसवताना प्रत्येक भोकाभोवती हेच करा.

आता वजन. माझ्या बोटीत साधारण १७० किलो सामान भरलं की ती १ सेंटिमीटर खाली बसते. ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो, त्यात लाकूडकाम, साखळी, डिझेल, शिधा. हलकी बोट अशी लादली की वेग जातो, लाटेवर उचलली जात नाही आणि रिगिंगवर (डोलकाठीच्या तारांवर) ताण वाढतो. मी पाणी २०० लिटरच ठेवलं, दोन टाक्यांत, कीलच्या अगदी जवळ. पाइपच्या खाटा मात्र काढू नका. बोट कलंडलेली असताना त्यांच्याइतकी चांगली झोप कुठेच लागत नाही.

वाराघडी:
वरच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. एक भर घालते. या निमुळत्या पिछाडीच्या बोटी मागून वारा आला की दोन्ही बाजूंना जबरदस्त डोलतात. आम्ही सरळ वाऱ्यापुढे न जाता वीस-पंचवीस अंश तिरपं जातो. अंतर वाढतं, पण माणसं जेवू शकतात. आणि विंडव्हेन (वाऱ्याच्या जोरावर सुकाणू धरणारं यंत्र) घ्याच. दोघांच्या बोटीत तो तिसरा खलाशी असतो, वीज मागत नाही. टिलर (सुकाणूचा दांडा) असल्यानं जोडणीही सोपी.

भरतीओहोटी:
मनापासून आभार. डोलकाठी वाचली! नांगराचं राहिलं: ६० मीटर साखळी नाळेत ठेवली तर चालेल?

जुनाखलाशी:
८ मिलिमीटरची साखळी मीटरला साधारण १.४ किलो भरते, म्हणजे ६० मीटरचे ८४ किलो. मी ते सगळं नाळेच्या टोकात ठेवलं होतं. समोरच्या लाटांत बोट नाक खुपसायची, फोरडेकवर सतत पाणी. आता ३० मीटर साखळी आणि पुढे ४० मीटर नायलॉनचा दोर वापरतो. लांब पल्ल्याला निघताना साखळी डोलकाठीच्या पायथ्याशी फळीखाली आणून पक्की बांधतो. पिशवीतून ओढत न्यायला दोघांना दहा मिनिटं लागतात. नांगर टाकायच्या दिवशी सकाळी, समुद्र शांत असतानाच ती परत पुढे न्या.