ऊसतोडीची मुलं झेडपी शाळेत: दाखला नसेल तर प्रवेश कसा?

कृष्णाकाठ (वाळवा)
गावात टोळ्या उतरल्यात. कोप्यांवर (त्यांच्या झोपड्यांवर) सहा ते चौदा वयाची बरीच पोरं दिवसभर मोकळी आहेत. बहुतेक बीडकडची, काही जतची. शाळा सोडल्याचा दाखला कुणाकडेच नाही. शाळेनं ‘दाखला आणा, मग बघू’ म्हटलं तर काय उत्तर द्यायचं? नेमकं करायचं काय?

खडूफळा
दाखल्याच्या मागे लागूच नका. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 5: दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, त्यात ही कलमं घाला, पोच घ्या.

त्याहून सोपी वाट शिक्षण हमी कार्डाची, म्हणजे स्थलांतरित मुलाला मूळ शाळा देते त्या कार्डाची. मूळ गाव, शाळा, इयत्ता विचारून तिथल्या वर्गशिक्षकांना फोन लावा, कार्ड मागा. मुलाला काय येतं, काय नाही, हे कार्डावर असतं, आणि नाव मूळ शाळेच्या पटावरच राहतं. दाखला काढला की तिथला पट घटतो, संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) पद जायची धास्ती असते. दाखले रेंगाळतात ते त्यामुळे. कार्ड मागितलं की ही धास्तीच राहत नाही.

शाळेत कधीच न गेलेलं मूल असेल तर कलम 4: वयाप्रमाणे वर्ग आणि जोडीला विशेष प्रशिक्षण. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवू देऊ नका, ते चार दिवसांत यायचं बंद होतं.

माणदेशी
टोळी कसली ते आधी विचारा. बैलगाडीवाले कारखान्याच्या आसपास हंगामभर राहतात, त्यांचं सोपं. डोकी सेंटरची (डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक भरणारी) टोळी फड (तोडीचं शेत) संपला की गाव बदलते. पुढचा फड कुठला ते मुकादमाला किंवा चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस) विचारून ठेवा आणि केंद्रप्रमुखांमार्फत तिथल्या शाळेला कळवा.

खरी अडचण मुलींची. आई पहाटेच फडात जाते, मोठी मुलगी धाकट्याला राखते, आणि वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) मोळ्या बांधायलाही तीच. नुसतं नाव घालून ती येणार नाही. धाकटं तीन ते सहा वर्षांचं असेल तर त्याला त्याच दिवशी अंगणवाडीत घाला. त्याहून लहान असेल तर कोपीवर मागे राहणाऱ्या एखाद्या आजीशी बोलावं लागेल.

जतची मुलं कोणत्या माध्यमाची तेही बघा. तिकडे झेडपीच्या कन्नड शाळा आहेत. मराठी वाचता येत नाही म्हणजे मूल कच्चं, असं नव्हे. आधी फळ्यावर गणित घालून बघा.

कृष्णाकाठ (वाळवा)
कार्ड लगेच मागवतो. पोषण आहाराचं आणि परत जातानाचं कसं?

खडूफळा
या मुलांची हजेरी वेगळ्या वहीत रोज मांडायला सांगा. पाचवीपर्यंत रोज 100 ग्रॅम, सहावी ते आठवी 150 ग्रॅम धान्य. वाढीव धान्य मागायला हजेरीचाच आकडा लागतो.

पट्टा पडला (कारखान्याचा हंगाम संपला) की एका रात्रीत कोप्या मोडतात, तेव्हा कागदाला कुणी थांबत नाही. फेब्रुवारीअखेर हजेरी आणि मूल्यमापनाच्या नोंदी सहीशिक्क्यानिशी पालकांकडे द्या, एक फोटो मूळ शाळेच्या गुरुजींना पाठवा.