‘घाबरू नका, आमचा चावत नाही’ म्हटलं की मालक सुटला?

पहाटपळ्या
सुटा कुत्रा भुंकत अंगावर येतो आणि लांबून मालकाची हाक येते, "घाबरू नका, तो काही करत नाही!" माझं म्हणणं सरळ आहे. कुत्रा तुमचा, तर त्याने केलेल्या इजेची भरपाईही तुमचीच. तो आधी कुणाला चावला होता का, हे विचारूच नये. जुन्या इंग्लिश कायद्यात नेमकं तेच विचारत. मालकाला जनावराची खोड ठाऊक होती, हे जखमी माणसाने सिद्ध करायचं. म्हणजे पहिला चावा जवळपास माफ! अमेरिकेतल्या काही राज्यांत तो नियम अजून आहे. कॅलिफोर्नियाने मात्र तो मोडीत काढला. सार्वजनिक जागी किंवा रीतसर आत आलेल्या माणसाला कुत्रा चावला की मालक जबाबदार, मग कुत्र्याचं आधीचं वागणं काही का असेना.

आणि ‘नुसते दात लागले’ म्हणणाऱ्यांसाठी: वरून दोन बारीक भोकं दिसतात, आत जखम खोल असते. ती पंधरा मिनिटं साबणपाण्याने धुवायची. कुत्र्याचा भरवसा नसेल तर रेबीजची लस घ्यायचीच, शिवाय त्याच दुखऱ्या जागेत सुई खुपसून इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) टोचतात.

चार पाय एक शेपूट
असहमत. फाटकातून हात घालून शेपूट ओढणाऱ्यालाही मीच पैसे द्यायचे का? कुत्रा आधी अंग ताठ करतो, मान वळवतो, ओठ चाटतो, गुरगुरतो. समोरच्याला त्यातलं काहीच वाचता येत नाही, आणि गुन्हेगार मी! दोष नसताना भुर्दंड बसायला लागला की लोक रातोरात कुत्री सोडून देतील. मग धरा कुणाला धरायचं ते.

पहाटपळ्या
चिडवलं असेल तर तो बचाव मिळायलाच हवा. फक्त ते सिद्ध तुम्ही करायचं, टाके पडलेल्याने नाही. आणि गुरगुरण्याचा अर्थ लावत बसायला मी थांबायचं की पळायचं?

काळा कोट
इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. भरपाई वेगळी, शिक्षा वेगळी. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ (पूर्वीचं भादंवि २८९) पाहा. जनावरापासून जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने पुरेशी खबरदारी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे इथे हलगर्जी दाखवावी लागते, आणि माझ्या मते शिक्षेसाठी ते योग्यच आहे. तुरुंगात घालायचं तर माणसाचा दोष हवाच.

भरपाईचं गणित निराळं. जर्मन नागरी संहितेत (कलम ८३३) हौसेने पाळलेल्या जनावराने इजा केली तर मालकाचा दोष बघतच नाहीत. गंमत म्हणजे पोटापाण्यासाठी, कळप राखायला कुत्रा ठेवणाऱ्या धनगराला योग्य काळजी घेतल्याचं दाखवून सुटता येतं. हौशी मालकाला ती वाट नाही. कुत्रा अंगावर आला म्हणून घाबरून सायकलवरून पडलात, त्याचा दात लागलाही नाही, तरी तिथे मागणी करता येते. कॅलिफोर्नियाचं ते कलम मात्र चाव्यापुरतंच.

सई_क
मुळात असल्या धोकादायक कुत्र्यांच्या जातीच पाळू देऊ नयेत. लहान मुलं असलेल्या घरात विचारा.

चार पाय एक शेपूट
सईताई, हे करून झालंय. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली आणि २००८ मध्ये उठवली. इटलीने २००९ मध्ये जातींची यादी रद्द करून भार मालकावर टाकला. ब्रिटनमध्ये १९९१ पासून चार जाती बंद आहेत, २०२३ च्या अखेरीस एक्सएल बुलीची भर पडली. तिथे कुत्रा यादीतला आहे की नाही, हे त्याच्या शरीराच्या मापांवरून ठरतं, वागण्यावरून नाही. आपल्याकडेही मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींबद्दल पत्र काढलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं.

सई_क
यादी फसली हे मान्य करते. पण मोठ्या जबड्याचा कुत्रा एकदाच चावला तरी पुरतं, त्याचं काय? मुलाच्या चेहऱ्याची उंची कुठे येते ते बघा जरा.

खिसापाकीट
सगळे कायद्यावर तुटून पडलात, पण मालकाकडे पैसेच नसले तर निकालाचं काय लोणचं घालायचं? बर्लिन, हॅम्बुर्गमध्ये कुत्रा पाळायचा तर दायित्व विमा सक्तीचा आहे. जखमीला पैसे मिळतात, मालकाचं घरदार विकायची वेळ येत नाही.

चार पाय एक शेपूट
विम्याला माझी ना नाही. हप्ता भरेन. पण मग त्या बदल्यात पट्टा सोडून पळवायला कुंपणाची जागा द्या. दिवसभर कोंडलेला कुत्रा बिघडतो, ही साधी गोष्ट आहे.

पहाटपळ्या
द्या की, मीही मागणी करतो. पण कुंपणाच्या बाहेर पट्टा हातात, खिशात नाही. आणि काळा कोट, कुत्रा फिरवायला पोराच्या हातात दिला तर जबाबदार कोण?

काळा कोट
इंग्लंडच्या १९७१ च्या कायद्यात उत्तर आहे: मुलगा सोळाच्या आतला असेल तर घरातला कुटुंबप्रमुख. आपल्याकडे कलम २९१ ‘ताब्यातील’ जनावराबद्दल बोलतं, त्यामुळे ताबा कुणाचा यावरच दोन वकील वर्षभर भांडतील. त्यातला एक मी असेन.